वाऱ्याचा र

पडदा काळा झाला तेव्हा चेअरमन दोरकर बशीतून चहा पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि टेबलावरच्या आमच्या डब्याकडे टक लावून बघितलं. हर्णैच्या मच्छीमार सोसायटीच्या त्या लांबट खोलीत बंदरातले झाडून सगळे तांडेल जमले होते. डब्याच्या वीतभर पडद्यावर क्षणापूर्वी हवामानाचा इशारा होता, चांगला ठसठशीत मराठीत. आता तिथं फक्त दोरकरांचा चष्मा दिसत होता.

माझ्या शेजारी बसलेल्या बर्गेनं बटण दाबलं. मग दाबून धरलं. मग वायर हलवून बघितली. आमच्या कंपनीचे मालक सरनोबत सर हसत हसत म्हणाले, लाइटचा काहीतरी घोटाळा दिसतोय. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला.

"झोपला वाटतं."

अख्खी खोली हसली. मी हसले नाही, कारण तो आवाज माझ्या बाबांचा होता.

यशवंत चोगले, 'एकवीरा' होडीचे तांडेल, म्हणजे होडी ज्याच्या शब्दावर चालते तो माणूस. डब्याची परीक्षा घ्यायला सोसायटीनं मुद्दाम त्यांनाच नेमलं होतं. पोरगी त्या कंपनीत आहे म्हणून नव्हे. त्यांना कशातही खोट सापडते म्हणून. तीस वर्षं आईच्या हातचं कालवण खाऊन बाबा अजून 'बरं हाय'च्या पुढं गेले नव्हते.

"मॅडम," ते मला म्हणाले. एरवी 'हेमी' म्हणणाऱ्या जन्मदात्या बापानं भरसभेत मला मॅडम म्हटलं. "इथं हा झोपला तर तुमचे साहेब उठवतील. दर्यात झोपला तर कोण उठवनार?"

"पुढच्या वेळी झोपणार नाही," मी म्हणाले.

"मॅडम म्हणतात, तर बघू."

दोरकरांनी मग तिथंच ठरवून टाकलं. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की होड्या निघतील. पहिल्या फेरीला डबा 'एकवीरा'वर बसेल. फेरीभर जागा राहिला आणि मराठीत बोलला, तर हर्णैच्या सगळ्या होड्या तो घेतील. एकदा जरी पडदा काळा झाला, तर कंपनीनं परत इकडं फिरकू नये. एवढं बोलून त्यांनी बशीतला उरलेला चहा संपवला.

दुपारी मी घरी जेवायला गेले. बाबा आधीच पाटावर बसले होते. मी तणतणत विचारलं, सगळ्यांदेखत झोपला म्हणायची काही गरज होती का. बाबा बांगड्याचा काटा काढत शांतपणे म्हणाले, "जागा होता काय?"

मी म्हटलं, मग फेरीला मीच येते, डब्याजवळ बसते, काही बिघडलं तर तिथल्या तिथं बघते. आईचा वाढता हात थांबला. आमच्यात मासेमारीला निघालेल्या होडीवर बाईमाणूस चढत नाही. मासळी विकायची बायांनी, पाट्या डोक्यावर घ्यायच्या बायांनी, घर चालवायचं बायांनी, होडीला नाव द्यायचं देवीचं, पण होडीवर बाई नको. लहानपणापासून दर वर्षी मी 'एकवीरा' रंगवलेली होती. तिची फाटकी जाळी मी शिवलेली होती. पण ते जाळं दर्यात टाकताना बाबा कसे दिसतात, हे मला ठाऊक नव्हतं.

"सोबत मानूस लागला तर डबा कशाला?" बाबा म्हणाले. "एकटा येऊ दे त्याला."

मला भयंकर राग आला. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, त्यामुळं जास्तच आला.

पुण्याला परतताना सरनोबत सरांनी गाडीतच तोडगा काढला. मराठी काढून टाकायची.

ते असं का म्हणाले, हे कळायला डब्याचं पोट उघडून दाखवायला हवं. डबा तसा साधाच होता. उपग्रहावरून येणारा इशारा पकडायचा आणि पडद्यावर दाखवायचा. आत लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारा चिमुकला कॉम्प्युटर, आणि त्याला मेमरी चौसष्ट एमबी. आजचा मोबाइल एवढ्या मेमरीत चालूसुद्धा होणार नाही. मेमरीची चिप बोर्डाला कायमची जोडलेली आणि बोर्ड सगळे तयार होऊन आलेले, म्हणजे वाढवून मागायची सोय नाही. मेमरी भरली की लिनक्स स्वतःचा जीव वाचवायला सगळ्यात जास्त खाणाऱ्या प्रोग्रॅमचा बळी देतं. आमच्यात सगळ्यात खादाड होता डिस्प्ले सर्व्हर, म्हणजे पडद्यावर कुठं काय रंगवायचं ते सांभाळणारा प्रोग्रॅम. ऑफिसात आम्ही त्याला रंगारी म्हणायचो. रंगारी मेला की पडदा काळा. सोसायटीत चहा पिता पिता तेच झालं होतं.

"मराठीलाच जागा लागते," सर म्हणाले. "इंग्रजीत चार शब्द टाक. विंड अमुक, डायरेक्शन तमुक. कळतं लोकांना."

बाबा चौथी शिकलेले. मराठी पेपर ते वाचतात, मोठ्यानं, एकेक शब्द चावून. इंग्रजी त्यांना येत नाही. मी तसं सरांना म्हटलं, तर सर म्हणाले, खलाशांत कुणीतरी शिकलेला असेलच की. माझ्या डोळ्यांसमोर आलं, वादळ येतंय आणि बाबा कुणाला तरी विचारतायत, बघ रे जरा काय लिवलंय. माझ्या बापानं आजवर दर्यात कुणाला काही विचारलेलं नाही. माझ्या हातानं बनवलेल्या डब्यानं त्यांच्यावर ही पाळी आणायची, हे मला पचेना.

मी म्हटलं, मराठी ठेवून त्याच मेमरीत बसवून दाखवते. सर म्हणाले, नारळी पौर्णिमेच्या आधी मी बघणार, जमलं नसेल तर इंग्रजी, आणि मग माझ्याशी हुज्जत घालायची नाही. मी हो म्हणाले. हुज्जत घालणार नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदाच कबूल केलं होतं.

पडद्यावरचं मराठी हे बर्गेचं काम. बर्गे साताऱ्याचा, अक्षर मोत्यासारखं आणि डोकं कायम गरम. मी काही विचारायच्या आत त्यानं मला हिशेब दाखवला. आपला प्रोग्रॅम जेमतेम चार एमबी खातो. माझ्या मराठीवर आळ घेऊ नकोस, तो रंगारीच खादाड आहे.

मी रंगाऱ्याचं ताट तपासलं. कुणी सांगितलं म्हणून त्यानं काय काय सांभाळून ठेवलंय, हे बघता येतं. बघितलं आणि कपाळावर हात मारला. आत चित्रांचा हा एवढा ढीग, आणि सगळी चित्रं आमच्याच प्रोग्रॅमनं त्याच्याकडे ठेवायला दिलेली. जेवला बर्गे आणि बिल रंगाऱ्याच्या नावावर.

"ही चित्रं कसली रे?" मी विचारलं.

तो जरा घुटमळला, मग सांगून मोकळा झाला. डब्यात मावेल असा जो लहान फॉन्ट होता, तो 'वाऱ्याचा' हा शब्द 'वार्याचा' असा दाखवायचा. हिंदीत वाऱ्याचा र नाहीच, त्यामुळं फॉन्ट करणाऱ्याला त्याची आठवण राहिली नव्हती. त्यानं सरळ य च्या डोक्यावर रफार ठोकला होता. बर्गेला ते बघवेना. मग त्यानं काय करावं? आपल्या लॅपटॉपवर सगळी वाक्यं शुद्ध लिहिली आणि त्यांची चित्रंच करून डब्यात भरली. पूर्ण रंगीत, पडद्याच्या रुंदीची. इशारा आला की तुकडे चिकटवून नवं चित्र बनवायचं आणि रंगाऱ्याकडे द्यायचं. पुढचा इशारा, पुढचं चित्र. जुनं परत मागून घ्यायचं तेवढं राहून गेलं होतं.

"एका र साठी एवढं?" मी म्हणाले.

"चुकीचा र मी पाठवणार नाही," बर्गे म्हणाला. "त्यापेक्षा इंग्रजी परवडलं."

माणूस शंभर टक्के बरोबर होता. फक्त त्याची तऱ्हा खादाड होती.

आईचे मामा दापोलीला एका छापखान्यात खिळे जुळवायचे. शिशाचा एकेक खिळा म्हणजे एकेक अक्षर. सुट्टीत मी त्यांच्याकडे जायची आणि बघत बसायची. खिळे लावून वाक्य करायचं, छापायचं, आणि छापून झालं की खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या घरात परत. तेच खिळे पुढच्या वाक्याला. लग्नपत्रिका असो की शोकसभा, खिळे तेच. अख्खी वाक्यं कुणी कपाटात साठवून ठेवत नसे, नाहीतर छापखाना शिशाखाली गाडला गेला असता. मी बर्गेला म्हटलं, वाक्यं नकोत, खिळे करू. हवामानाच्या इशाऱ्यात लागतात तेवढीच अक्षरं, तेवढीच जोडाक्षरं. काळ्यावर पांढरं लिहायचं, तर त्यात सगळे रंग कशाला भरायचे? आणि अक्षरं तू काढ, तुझ्या हातानं, वाऱ्याच्या र सकट.

आपली चित्रं टाकून द्यायची म्हणून तो आधी फुरंगटला. पण हातानं अक्षरं काढायची म्हटल्यावर विरघळला. तिकडं तो अक्षरं काढत बसला आणि इकडं मी रंगाऱ्याच्या मागं लागले.

हा रंगारी मोठ्या कॉम्प्युटरसाठी बनलेला. एकावर एक दहा खिडक्या मांडणार, त्यांच्या सावल्या पाडणार, माउसचा बाण फिरवणार, पडद्याच्या दोन-तीन प्रती हाताशी ठेवणार. आमच्या डब्याला माउस नाही, खिडकी एकच, आणि सावली दर्यात कुणाला पाहिजे? मी एकेक काढत गेले. शेवटी तर त्या थोरल्याला घरी पाठवून त्याच्याच घराण्यातला एक धाकटा, कमी बोलणारा रंगारी कामावर ठेवला. रंगांची संख्या कमी केली, तर पडद्याच्या प्रत्येक ठिपक्याला लागणारी मेमरी निम्मी झाली. ऐकायला हे रुक्ष वाटेल, पण मला त्या दिवसांत तहानभूक नव्हती. एकेक गोष्ट बाहेर टाकली की रिकाम्या मेमरीचा आकडा वर चढायचा आणि मी खुर्चीत बसून एकटीच हसायची. दिवाळीत माळा आवरताना आई का गुणगुणते, ते मला तेव्हा कळलं.

सर बघायला आले त्या दिवशी बर्गे इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्यानं नमुन्याचा इशारा सोडला आणि पडद्यावर अक्षरं उमटली:

'वाऱ्याचा वेग वाढणार. दऱ्या खवळणार. किनाऱ्याला लागा.'

वाऱ्याचा र काय फक्कड आला होता. किनाऱ्याचाही. मी मेमरीचा आकडा दाखवायला वळले, तेवढ्यात सर पडद्याशी वाकले.

"दऱ्या खवळणार म्हणजे काय?" ते म्हणाले. "दऱ्या कशा खवळतील? दर्या पाहिजे तिथं."

झालं होतं असं, की मजकूर टाइप करणारे दोन्ही र एकसारखेच टाइप करायचे. म्हणून बर्गेनं नियम घातला होता, र ला य जोडलेला दिसला की आपला नवा खिळा लाव. नव्या खिळ्याच्या कौतुकात त्यानं अख्खा समुद्र उचलून वरंधा घाटात नेऊन ठेवला होता.

सर तापले. तांडेल काय म्हणतील, पुण्याच्या शहाण्यांना दर्या आणि दरी कळत नाही, आपली छी-थू होईल, लाज आहे की नाही. बर्गेची मान खाली. मी मात्र सरांचं सगळं बोलून होऊ दिलं.

"पण सर," मी म्हणाले, "एवढ्याशा र नं काय बिघडतं? इंग्रजीच टाकू या का?"

सर खुर्ची ओढून बसले आणि चष्मा पुसायला लागले.

"चोगले, लई शहाणी आहेस," ते म्हणाले. "तो दर्या नीट कर आणि घेऊन जा डबा."

दर्या आणि सूर्य, या दोघांना हात लावायचा नाही, असं बर्गेनं नियमात घातलं. मेमरीचा आकडा विचारायला सर विसरलेच. मीच ऐकवला. अर्ध्याहून जास्त मेमरी रिकामी होती.

नारळी पौर्णिमा झाली. 'एकवीरा' निघायच्या दिवशी मी डबा छातीशी धरून पाण्यात गुडघ्यापर्यंत गेले आणि वर उभ्या असलेल्या खलाशाच्या हातात दिला. त्याच्या पुढं जायची मला परवानगी नव्हती. बाबांनी वरून विचारलं, "ह्याला रोज काय करायचं, मॅडम?"

"काही नाही," मी म्हणाले. "वाचायचं."

फेरीतल्या होड्या वायरलेसवर सोसायटीशी आणि एकमेकांशी बोलतात. दोरकरांच्या खोलीत तो सेट होता आणि मी त्याच्यापुढं ठाण मांडून बसले. बाबा रोज बोलायचे. मासळी कशी आहे, बर्फ किती उरलाय, अमक्याचं इंजिन खोकतंय. डब्याबद्दल अवाक्षर नाही. मी विचारावं तर तेही होईना, कारण विचारलं असतं तर माझाच माझ्या डब्यावर विश्वास नाही असं दिसलं असतं. होड्या परतायच्या आदल्या दिवशी सरनोबत सर आणि बर्गे पुण्याहून येऊन पोचले. सरांनी येताना कंदी पेढे आणले होते, पण खोका उघडायची हिंमत कुणाला होत नव्हती.

दुपारी वायरलेस खरखरला. बाबांच्या आसपास असलेल्या एका होडीचा तांडेल विचारत होता, "यशवंता, आजून एकदा जालं टाकू काय रं? आभाळ साफ हाय."

"थांब," बाबांचा आवाज आला.

मग बराच वेळ नुसती खरखर. मी बर्गेकडे बघितलं, बर्गेनं सरांकडे. दोरकरांनी बशी खाली ठेवली. माझ्या मनात आलं, मेला रंगारी, पडदा काळा झाला, आणि बाबा बटण शोधतायत.

मग तो आवाज आला. मोठ्यानं, एकेक शब्द चावून, लहानपणी दारात बसून पेपर वाचायचे अगदी तसा.

"वाऱ्याचा. वेग. वाढनार. दर्या. खवळनार. किनाऱ्याला. लागा."

बर्गेनं डोळे मिटून घेतले होते. तिन्ही र जागच्या जागी होते.

"कोन म्हनतंय?" पलीकडच्या तांडेलानं विचारलं.

"हेमी म्हनते."

"कोन हेमी?"

"कोन म्हंजे? माझी," बाबा म्हणाले. "हेमी हिथं होडीवर हाय माझ्या. चल, जालं वढ आनि माघारी फिर."

सरांनी पेढ्यांचा खोका उघडला आणि एकही पेढा न काढता तसाच धरून ठेवला. मी उठून बाहेर गेले आणि भिंतीला टेकून हमसून हमसून रडले. आनंदानंच रडले. तो आनंद लपवायचं मला तेव्हाही कारण वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

संध्याकाळी वारा आला, असा की सोसायटीच्या छपराचे दोन पत्रे उडाले. तोवर वायरलेसवर बाबांचं ऐकून हर्णैच्या साऱ्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीत जाऊन नांगर टाकून बसल्या होत्या.

वारा निवल्यावर बाबा सोसायटीत आले. डबा काखेत. तो त्यांनी टेबलावर ठेवला तेव्हासुद्धा पडदा चालूच होता. दोरकरांनी विचारलं, काय यशवंता, डब्याचं काय म्हणणं? सगळे तांडेल बघत होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि नेहमीसारखं तोंड केलं.

"बरं हाय," ते म्हणाले.

मी धावत घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "पहिल्याच फेरीला?"

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. कंपनीनं डब्याला एक भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं, ते डब्यावर छापलेलंही आहे, पण किनाऱ्यावर ते कुणाला ठाऊक नाही. बर्गेचा र अजून तोच आहे, त्यानं एक रेघ बदलू दिलेली नाही. फेरीला निघालेल्या होडीवर बाईमाणूस अजूनही चढत नाही. आणि हर्णैला सकाळी कुठलाही तांडेल होडी लोटायच्या आधी केबिनीत डोकावून विचारतो, "हेमी काय म्हनते?"

वर्षातून एखादा फोन मला अजून येतो. बहुतेक वेळा नुसती वायर सैल झालेली असते. पलीकडून एखादा काकुळतीला आलेला आवाज म्हणतो, "मॅडम, आमची हेमी बोलत नाय वो."

"बोलतेय," मी म्हणते. "सांगा."